व्हेनिसची लेस झूम करून बघा

न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनी 2017 मधे कॉपीराइट संपलेल्या लाखो वस्तूंचे फोटो सगळ्यांना फुकट खुले केले, पण लोक तिथे जाऊन व्हॅन गॉग बघतात, लेसच्या वाटेला कोणी जात नाही. खरं तर ऑनलाइन बघायची चीज हीच आहे. जुन्या कापडाला उजेड सोसत नाही, म्हणून म्युझियमवाले साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मिणमिणत्या दिव्यात ती थोडे दिवस मांडतात आणि परत ड्रॉवरमधे ठेवतात. फोटोला असली काही भीती नाही.

सोळाव्या-सतराव्या शतकातली व्हेनिसची एखादी कॉलर किंवा पट्टी उघडा आणि झूम करा. एकात एक अडकलेल्या फासांच्या ओळी दिसल्या तर ती सुईची लेस. हे सगळं नक्षीकाम म्हणजे मुख्यतः आपला काजटाकाच, फक्त इतका बारीक की डोळे दुखतील. आणि दोरे विणल्यासारखे, वेणी घातल्यासारखे एकमेकांवरून गेलेले दिसले तर ती बॉबिनची, म्हणजे उशीवर टाचण्या टोचून रिळांचे दोरे फिरवत केलेली.

आधी रेतिचेल्ला हा प्रकार होता, त्यात लिननच्या कापडातले दोरे काढून उरलेल्या चौकटीवर टाके घालायचे. मग पुंतो इन आरिया आलं आणि कापडच गेलं! चर्मपत्रावर डिझाइन काढायचं, रेघांवर जाड दोरा टाचून घ्यायचा, मधली जागा काजटाक्यांनी भरायची पण हे टाके चर्मपत्रातून आरपार न्यायचे नाहीत, शेवटी जाड दोरा टाचायला वापरलेले टाके कापले की लेस सुटी. प्रत्येक फास आधीच्या फासात अडकलेला, त्यात दोऱ्याचं घर्षण, म्हणून ती उसवत नाही.

दोरा लिननचा, म्हणजे जवसाच्या खोडातून काढलेला (हो, चटणीवालं जवस). हे सेल्युलोजचे लांब तंतू ओले झाले की उलट जास्त मजबूत होतात, त्यामुळे लेस धुता यायची, स्टार्च करता यायची. रंग नसल्यामुळे उडायचा प्रश्नच नाही. रेशमी भरतकाम एवढं नशीबवान नाही, त्याचे रंग उजेडानी उडतात, म्हणून खरे रंग बघायचे तर मागची बाजू बघावी लागते. सगळ्यात वाईट हाल काळ्या रेशमाचे, कारण काळ्या रंगात लोह असायचं आणि ते रेशमाला खातं, म्हणून कित्येक तुकड्यांत काळी बॉर्डर झडून खाली कापडावर आधी काढलेली शाईची रेघ उघडी पडलीये.

डिझाइनची पुस्तकंही तिथे आहेत, चेझारे वेचेल्लिओचं 1591 चं बघाच, हा वेचेल्लिओ म्हणजे प्रसिद्ध चित्रकार तित्सियानोचा (टिशियनचा) नातेवाईक. अशा पुस्तकांची पानं बायका सुईनी टोचून नक्षी उतरवून घ्यायच्या, त्यात पुस्तकाची चाळण व्हायची, म्हणून फार थोडी शिल्लक राहिली.

लेबलवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. 1665 मधे फ्रान्सचा मंत्री कोलबेर यानी व्हेनिसला जाणारा पैसा थांबवायला फ्रान्समधेच लेसचे सरकारी कारखाने काढले आणि व्हेनिसच्या कारागीर बायकांनाच तिकडे नेलं, सुरुवातीला माल हुबेहूब तसाच निघायचा. आता त्यातला इटालियन कुठला आणि फ्रेंच कुठला, यावर तज्ज्ञांचंही जमत नाही.