डोळ्यातली चमक कुठे जाते?

ॲनिमेतल्या एखाद्या पात्राचा चेहरा कापायचा, त्याच्या केसांना आपल्या आवडीचा रंग द्यायचा आणि तो डीपी म्हणून लावायचा, हा उद्योग पुण्यात जपानीच्या क्लासला जाणाऱ्या पोरांमध्ये चांगलाच रुळला आहे. माझ्या भाचीच्या ग्रुपवर खरा माणूस असलेला डीपी शोधावा लागतो. या मंडळींची एक तक्रार मात्र ठरलेली: मोठ्या चित्रात झकास दिसणारा चेहरा लहान केला की निस्तेज होतो, डोळ्यातली ती पांढरी चमकच जाते. हात वाईट म्हणून हे होत नाही. प्रोग्राम आतल्या आत जी सरासरी काढतो, तिची ही करामत आहे.

समजा, चेहरा 800 बाय 800 पिक्सेलचा आहे आणि आयकॉन हवाय 100 बाय 100. म्हणजे जुन्या 64 पिक्सेलांच्या जागी नवा एकच येणार. त्या 64 मधला एक उचलून बाकीचे टाकून दिले तर पापणीची बारीक रेघ मध्येच तुटते. म्हणून प्रोग्राम आसपासच्या पिक्सेलांची सरासरी काढतात. ‘बायक्युबिक’सारख्या पद्धती जवळच्यांना जास्त वजन देतात, लांबच्यांना कमी, पण मुळात ती सरासरीच.

गोम पुढे आहे. पिक्सेलच्या उजळपणाचा आकडा 0 (काळा) ते 255 (पांढरा) असतो, पण तो प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाही. गडद छटांमधले फरक आपल्या डोळ्याला जास्त कळतात, म्हणून अंधाऱ्या टोकाच्या वाट्याला मुद्दाम जास्त आकडे दिलेले असतात. त्यामुळे 128 म्हणजे निम्मा प्रकाश नव्हे, जेमतेम 22 टक्के. निम्म्या प्रकाशाचा आकडा 188 च्या आसपास येतो. आता काळ्याभोर बुबुळातला पांढरा ठिपका घ्या. चित्र लहान करताना एका नव्या पिक्सेलच्या वाट्याला निम्मा पांढरा आणि निम्मा काळा भाग आला, तर बरेच प्रोग्राम 0 आणि 255 या आकड्यांचीच सरासरी काढून 128 मांडतात. मूळ चित्र लांबून पाहिलं असतं तर तिथे 188 इतका उजेड दिसला असता. चमक हरवते ती इथे. गंमत अशी, की गोऱ्या गालावरच्या काळ्या रेघेला हाच गोंधळ फायद्याचा ठरतो. रेघ आहे त्याहून गडद उरते. मग नाक आणि ओठ ठसठशीत, डोळे मात्र झोपाळू, असा चेहरा तयार होतो.

काही प्रोग्रामांत ही सरासरी आकड्यांऐवजी प्रकाशाची काढायची सोय असते. ती नसेल तर चित्र आधी लहान करावं आणि चमक नंतर हाताने भरावी: एकच पिक्सेल, शुभ्र. सोय असली तरी मी हेच सुचवेन. एवढ्याशा चेहऱ्यात कुठला पिक्सेल उजळायचा हे ठरवायला चित्रकाराची नजर लागते.

रंग भरताना नवशिके पेंट बकेटकडे, म्हणजे एका क्लिकमध्ये सलग जागा रंगवणाऱ्या बादलीकडे धावतात. केसांवर बादली ओतली की कडेने पांढरट किनार उरते. रेघ पायऱ्यापायऱ्यांची दिसू नये म्हणून काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर करडे पिक्सेल पेरलेले असतात, आणि बादली त्यांना ना कागद समजते ना रेघ. टॉलरन्स, म्हणजे किती वेगळ्या छटेपर्यंत रंग पसरू द्यायचा ती मर्यादा, वाढवला तर रंग रेघ खाऊ लागतो. हाताने रंगवलेल्या ॲनिमेशनमध्ये ही अडचण नव्हती. सेलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पारदर्शक कागदाच्या, पुढच्या बाजूला रेघा असायच्या आणि रंग मागून लावलेला. तो रेघेखाली थोडा सरकला तरी बिघडायचं नाही. लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, ही तीच युक्ती. फोटोशॉपमध्ये ते 1994 साली, तिसऱ्या आवृत्तीत आले. रेघांचा लेयर वर ठेवून त्याला ‘मल्टिप्लाय’ मोड द्यायचा आणि खालच्या लेयरवर बिनधास्त रंगवायचं.

मल्टिप्लाय म्हणजे शब्दशः गुणाकार: दोन लेयरचे आकडे गुणायचे आणि 255 ने भागायचे. पांढऱ्याने गुणलं तर खालचा रंग जसाच्या तसा, काळ्याने गुणलं तर काळा. त्वचेवर सावली टाकायलाही हाच मोड कामाला येतो. त्वचेचा लाल-हिरवा-निळा 255, 220, 200 असेल आणि वर जांभळट 200, 170, 220 ठेवला, तर सावली येते 200, 147, 173. नुसता काळा मिसळून आलेल्या मळकट सावलीपेक्षा ती जिवंत दिसते. नारायण पेठेतल्या छापखान्यात गुलाबी शाईवर निळी शाई चढते तेव्हा साधारण हेच घडतं: प्रत्येक थर आपल्या वाट्याचा प्रकाश गिळतो आणि उरलेला पुढे सोडतो.

केसांचा रंग बदलायचा ‘कलर’ मोड मात्र अनेकांना फसवतो. तो वरच्या लेयरचा रंग घेतो, पण उजळपणा खालचाच ठेवतो. आणि उजळपणात तिन्ही रंगांचा वाटा सारखा नसतो: प्रकाशाच्या हिशेबात हिरव्याचा सुमारे 72 टक्के, लालचा 21 आणि निळ्याचा फक्त 7. त्यामुळे गडद निळ्या केसांवर पिवळा टाकला की सोनेरी केस मिळत नाहीत, शेवाळी मिळतात; तेवढ्या कमी उजेडात पिवळा तसाच दिसणार. आधी उजळपणा कमीजास्त करणाऱ्या ‘कर्व्ह्‌ज’ने केस उजळ करावेत, मग रंग बदलावा. उलट दिशेने, पिवळ्याचे निळे करताना, केस फिकट आकाशी होतात. तिथे आधी गडद करायला हवेत.

शेवटी सेव्ह करताना जेपेग (.jpg) फाइल टाळा. हा प्रकार चित्राचे 8 बाय 8 चे तुकडे करतो, आणि उजळपणा पूर्ण बारकाव्यानिशी ठेवला तरी रंगाची माहिती बहुधा उभी-आडवी निम्मी करतो. मोठ्या फोटोत हे कळतही नाही, पण 100 बाय 100 च्या आयकॉनला 50 बाय 50 चाच रंग उरतो आणि लाल रिबिनीचा रंग केसांत पसरतो. जिफ फाइलमध्ये एका चित्राला फार तर 256 रंग, आणि पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक नाहीतर पूर्ण भरीव. म्हणून गोल आयकॉनची कड करवतीसारखी दिसते. 1996 मध्ये आलेल्या पीएनजीत पारदर्शकतेच्याच 256 पायऱ्या असू शकतात. मात्र तुम्ही पीएनजी दिलंत तरी अनेक ॲप अपलोड करताना त्याचं जेपेग करून टाकतात. त्यावर एक जुगाड चालतो: रिबिनीभोवती गडद रेघ ठेवायची. उजळपणाची माहिती शाबूत राहत असल्याने रेघ टिकते, आणि पसरलेला लाल रंग त्या काळोखात फारसा नजरेत येत नाही.