मॉडिफाय केलेल्या गाडीची मंजुरी: हे नियम आले कुठून?

परफॉर्मन्स कारमध्ये बदल करून ती कायदेशीरपणे रस्त्यावर आणायची, तर दोन प्रश्न हमखास समोर येतात. बदलामुळे गाडी धोकादायक झाली का? आणि तिचा धूर किंवा आवाज वाढला का? दोन्हींची उत्तरं बहुतेकदा एकाच फाइलमध्ये जातात, पण प्रश्न जन्मले ते वेगवेगळ्या देशांत आणि वेगवेगळ्या काळात. स्प्रिंग बदलण्याचे नियम आणि टर्बो बदलण्याचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत असं वाटतं, त्याचं मूळ इथे आहे.

धोक्याचा प्रश्न मोटारीपेक्षाही जुना. 1865 मध्ये जर्मनीतल्या मानहाइम शहरात एका ब्रुअरीचा वाफेचा बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी तिथल्या उद्योजकांनी एकत्र येऊन आपले बॉयलर स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासून घेणारी संस्था काढली. अशाच संस्थांमधून आजचं ‘ट्यूव्ह’ (यंत्रांची आणि वाहनांची तांत्रिक तपासणी करणाऱ्या जर्मन संस्था) घडलं आणि मोटारी आल्या तेव्हा त्यांची तपासणीही याच इंजिनिअरांकडे आली. तपासणारा माणूस मालकाचा नको आणि विकणाऱ्याचाही नको, हे तत्त्व तेव्हापासूनचं.

1937 च्या जर्मन वाहन नियमावलीने या तत्त्वाला धार दिली. गाडीला वापराची मंजुरी हवी आणि ठरावीक बदल केले तर ती मंजुरी आपोआप संपते, असं तिने सांगितलं. आज तिथे अशी तीन कारणं मानली जातात: वाहनाचा प्रकारच बदलणं, इतरांना धोका होण्याची शक्यता असणं आणि धूर किंवा आवाज वाढणं. हे कलम कठोर आहे, पण मला ते प्रामाणिक वाटतं. कोणी पकडेपर्यंत गाडी कायदेशीर, अशी पळवाट त्यात उरत नाही.

अडचण वेगळीच होती. आपण आणलेली रिम मजबूत आहे हे साध्या मालकाने सिद्ध कसं करायचं? चाकाला हजारो फेरे वाकवण्याचा ताण देऊन तडा जातो का हे पाहायचं, तर प्रयोगशाळा हवी. म्हणून ही जबाबदारी हळूहळू सुटा भाग बनवणाऱ्याकडे सरकली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण हेच. निर्मात्याने एकदा चाचणी करून दाखला मिळवायचा आणि मालकाने तो गाडीसोबत बाळगायचा. जर्मनीत मंजूर रिमवर मंजुरीचा क्रमांक ओतलेलाच असतो. सोबतच्या कागदावर कोणतं मॉडेल, कोणत्या मापाचा टायर, कोणत्या अटी हे सगळं येतं.

त्या अटी वाचल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. रिमचा दाखला बहुधा सस्पेन्शन मूळचं आहे असं धरून चालतो, तर स्प्रिंगचा दाखला चाकं मूळची आहेत असं. दोन्ही भाग सुटे सुटे मंजूर असले, तरी एकत्र बसवले की प्रत्यक्ष तपासणी करावी लागते. तपासनीस समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं उंचावर चढवतो, स्टिअरिंग पूर्ण वळवतो आणि टायर मडगार्डला घासतो का ते पाहतो.

1958 मध्ये जिनिव्हात झालेल्या करारामुळे एका देशाची मंजुरी दुसऱ्या देशात चालू लागली. भागांवर दिसणारा वर्तुळातला ‘ई’ तिथूनच आला. त्याच्या शेजारचा आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा: 1 म्हणजे जर्मनी, 4 म्हणजे नेदरलँड्स.

धुराचा प्रश्न निघाला कॅलिफोर्नियात. लॉस एंजेलिसवर साचणारं धुरकं गाड्यांच्या धुरातल्या घटकांवर ऊन पडून तयार होतं, हे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने 1950 च्या सुमारास दाखवून दिलं. 1967 मध्ये राज्याचं हवा संसाधन मंडळ स्थापन झालं आणि त्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले. धूर नियंत्रणावर परिणाम करणाऱ्या आफ्टरमार्केट (गाडी विकत घेतल्यावर बाहेरून आणून बसवलेल्या) भागाला मंडळाचा सूट देणारा आदेश लागतो आणि त्याचा क्रमांक बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. क्रमांक नसेल, तर नळीतून निघालेला धूर स्वच्छ असूनही गाडी नापास होते. अनेकांना हा अन्याय वाटतो. पण गरम इंजिनाच्या एका मोजणीवरून थंड इंजिन सुरू करतानाचा, धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर तापायच्या आधीचा धूर कळत नाही, आणि नेमका तोच सर्वांत घाण असतो.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचा फासही टप्प्याटप्प्याने आवळत गेला. धूर नियंत्रणाची यंत्रणा काढायला 1970 मध्ये निर्माते आणि विक्रेत्यांना बंदी झाली, 1977 मध्ये गॅरेजवाल्यांना आणि 1990 मध्ये खुद्द मालकालाही. ती यंत्रणा निकामी करणारे भाग विकणंही त्याच वर्षी गुन्हा ठरलं.

जपान उलट्या दिशेने गेला. 1995 मध्ये, काही अंशी अमेरिकेच्या व्यापारी दबावामुळे, तिथे नियम सैल झाले. उंचीत 4, लांबीत 3 आणि रुंदीत 2 सेंटिमीटरपर्यंतचा फरक वेगळ्या अर्जाशिवाय चालू लागला.

सध्याची खरी रस्सीखेच सॉफ्टवेअरवर आहे. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रिमॅप केला, म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर बदललं, तर ओतलेला क्रमांक नाही, स्टिकर नाही, डोळ्यांना दिसेल असं काहीच नाही. सायबर सुरक्षा आणि सॉफ्टवेअर अपडेटबद्दलचे संयुक्त राष्ट्रांचे नियम युरोपीय संघात जुलै 2022 पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै 2024 पासून सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाले. ते निर्मात्यांसाठी असले, तरी त्यामुळे ईसीयूची कुलुपं आणखी घट्ट होतात आणि स्वतंत्र ट्यूनरची वाट अरुंद होते. कॅलिफोर्नियात जुलै 2021 पासून धूर तपासणीत ईसीयूमधलं सॉफ्टवेअरही तपासलं जातं. ते मूळ निर्मात्याचं किंवा मंडळाच्या आदेशातलं नसेल, तर आधीचं मंजूर सॉफ्टवेअर परत भरून गाडी पुन्हा तपासणीला आणावी लागते.