माकड कुठून आलं, हा प्रश्न प्रयोगाचाच भाग कसा झाला

सप्टेंबर 2007 मध्ये एचआयव्हीवरच्या एका लशीची मोठी मानवी चाचणी मध्येच थांबवावी लागली. मर्क कंपनीची ही लस साध्या सर्दीच्या अ‍ॅडेनोविषाणूवर बसवलेली होती. ‘स्टेप’ नावाच्या या चाचणीत सुमारे 3,000 स्वयंसेवक होते. लशीने ना संसर्ग रोखला, ना संसर्ग झालेल्यांच्या रक्तातला विषाणू कमी केला. माकडांवर मात्र याच पद्धतीच्या लशीने उत्तम काम केलं होतं. त्याची कारणं शोधताना पहिलं बोट ठेवलं गेलं ते माकडांना दिलेल्या, एचआयव्ही आणि त्याच्या माकडांमधल्या भावंडाच्या संकरित विषाणूवर, कारण तो तुलनेने सहज आटोक्यात येणारा होता. दुसरं कारण कमी चर्चिलं गेलं, पण माझ्या मते त्याचं मूळ जास्त खोल आहे. या लशीच्या 2002 साली गाजलेल्या प्रयोगातली माकडं मुद्दाम एका विशिष्ट प्रतिकार-जनुकाची निवडलेली होती. त्या जनुकाचं नाव मामू-ए-01.

हे जनुक एमएचसी या जनुकसमूहातलं आहे. आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे पेशी सतत आपल्या पृष्ठभागावर मांडत असते आणि हे तुकडे धरून ठेवणारी प्रथिनं एमएचसी जनुकं घडवतात. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी फिरत फिरत ते तपासतात. तुकडा विषाणूचा निघाला तर ती पेशी मारली जाते. कोणता तुकडा पकडला जाईल हे मात्र त्या प्राण्याला एमएचसीची कोणती रूपं वारशाने मिळाली यावर ठरतं. म्हणून एकाच विषाणूला दोन प्राणी दोन वेगळ्या ठिकाणी पकडतात, आणि एखाद्याच्या हातून तो निसटतो.

या जनुकांचा शोध लागला तो उंदरांमुळे. 1930 च्या दशकात लंडनमध्ये पीटर गोरर यांनी आणि पुढे अमेरिकेत जॉर्ज स्नेल यांनी, एका उंदरावरची गाठ दुसऱ्यात रुजते की नाकारली जाते हे ठरवणारा जनुकीय पट्टा शोधून काढला. माणसातला त्याचा पहिला पुरावा 1958 मध्ये पॅरिसच्या झाँ दोसे यांना मिळाला. हाच पुढे एचएलए म्हणून ओळखला गेला. तोवर हे सगळं प्रत्यारोपणाचं शास्त्र होतं. 1974 मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर डोहर्टी आणि रोल्फ त्सिंकरनागेल यांनी दाखवलं की विषाणूग्रस्त पेशी ओळखायलाही टी-पेशीला एमएचसीच लागतं. तिथून हा विषय संसर्गशास्त्राच्या मध्यभागी आला.

माकडांमध्ये हे काम आधी सुरू झालं ते नेदरलँड्समधल्या रायस्वाइक इथे. हान्स बाल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या सुमारास ऱ्हीसस माकडांमधला हा पट्टा रक्तचाचण्यांनी ओळखला. प्रत्यारोपणाच्या प्रयोगात कोणाची त्वचा किंवा मूत्रपिंड कोणाला चालेल हे आधी कळावं, एवढाच तेव्हा उद्देश होता.

पण ही माकडं प्रयोगशाळांत आली कुठून? याचं उत्तर विज्ञानाइतकंच व्यापारात आणि राजकारणात आहे. 1938 मध्ये क्लॅरेन्स रे कार्पेंटर यांनी भारतातून सुमारे 400 ऱ्हीसस माकडं पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर नेऊन सोडली. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. पुढे पोलिओची लस आली. ती माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवली जाई, त्यामुळे 1950 च्या दशकात उत्तर भारतातून वर्षाला लाखाच्या वर माकडं बाहेर जाऊ लागली. वाटेतच मरणाऱ्यांची संख्या भयंकर होती. 1955 मध्ये भारताने निर्यात काही काळ थांबवली आणि वैद्यकीय वापराच्या अटीवर पुन्हा सुरू केली. अमेरिकेत लष्करी किरणोत्साराच्या प्रयोगांत ही माकडं वापरली जात असल्याचं उघड झाल्यावर 1978 मध्ये मोरारजी देसाई सरकारने निर्यात पूर्ण बंद केली. हा निर्णय योग्यच होता. त्याचा एक परिणाम मात्र त्या वेळी कोणाच्या डोळ्यांसमोर नसावा: अमेरिकी केंद्रांत तेव्हा जी भारतीय माकडं होती, त्यांच्यातूनच पुढच्या पिढ्या वाढवाव्या लागल्या. नवं रक्त येणं थांबलं.

सात वर्षांनी, 1985 मध्ये, अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या प्राइमेट केंद्रातल्या ऱ्हीसस माकडांत एसआयव्ही, म्हणजे एचआयव्हीचं माकडांमधलं भावंड, सापडला. मुळात हा आफ्रिकेतल्या सूटी मँगबी माकडांचा विषाणू. त्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही, पण आशियाई ऱ्हीससला एड्ससारखा आजार होतो. एड्सच्या संशोधनाला लागणारा प्राणी मिळाला, आणि तो होता याच बंद कळपांमधला भारतीय वंशाचा ऱ्हीसस.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्मन लेट्विन यांच्या गटाने दाखवलं की मामू-ए-01 असलेली माकडं एसआयव्हीच्या गॅग प्रथिनातला नेमका एक तुकडा पकडतात. मग त्या तुकड्याविरुद्धच्या टी-पेशी थेट मोजता येतील अशी साधनं तयार झाली. इतकी स्वच्छ मोजणी दुसऱ्या कुठल्याच रूपात शक्य नव्हती, म्हणून संशोधक हीच माकडं मागू लागले. भारतीय वंशात साधारण चार-पाच माकडांमागे एकाकडे हे रूप असतं. चिनी वंशात ते दुर्मीळ. पुढे 2000 नंतर लक्षात आलं की या माकडांत लशीशिवायही एसआयव्हीचा आजार हळू सरकतो. म्हणजे मोजायला सोपं म्हणून निवडलेलं माकडच विषाणूशी लढायला जरा बरं होतं. लशीचं श्रेय किती आणि वंशाचं किती, हे वेगळं करणं अशाने अवघड होऊन बसतं.

मामू-बी-08 ची गोष्ट तर आणखी ठळक आहे. हे रूप असलेल्या माकडांना अत्यंत घातक एसआयव्ही दिला, तरी त्यांपैकी सुमारे निम्मी तो जवळजवळ पूर्ण दाबून ठेवतात. ते ज्या प्रकारचे तुकडे पकडतं, ते माणसातल्या एचएलए-बी-27 शी मिळतेजुळते आहेत, आणि बी-27 असलेल्या माणसांतही एचआयव्ही सावकाश वाढतो. दोन वेगळ्या जातींत निसर्गाने एकच तोडगा शोधलेला दिसतो. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

विविधता किती आहे हे कळायला बराच वेळ लागला. माणसात अशा एमएचसीची ए, बी आणि सी ही तीन मुख्य जनुकं. ऱ्हीससमध्ये सी नाहीच, पण ए आणि बी यांच्या प्रती वाढत गेल्या आहेत. 2004 मध्ये वाचलेल्या एका गुणसूत्रावर बी-प्रकारची 19 जनुकं सापडली. शिवाय ही संख्या माकडागणिक बदलते. 2009 च्या सुमारास नव्या वेगवान डीएनए-वाचनाने हा गुंता सुटू लागला, तेव्हा कुठे प्रत्येक माकडाचा पूर्ण एमएचसी प्रकार तपासणं व्यवहारात शक्य झालं.

याच्या अगदी उलट टोकाला मॉरिशस आहे. काही शतकांपूर्वी जहाजांवरून तिथे लांब शेपटीची मोजकी माकडं पोहोचली आणि सगळं बेट त्यांच्या वंशजांनी भरलं. त्यांच्यात एमएचसीचे जेमतेम सात मुख्य संच सापडतात. जंगलाच्या दृष्टीने ही गरिबी, पण प्रयोगासाठी हवी तशी जुळणारी माकडं मिळण्याची सोय. जुळवणीचं मोल 2016 मध्ये जपानमध्येही दिसलं: एमएचसी जुळवलेल्या एका लांब शेपटीच्या माकडाच्या पेशींपासून बनवलेल्या हृदयपेशी दुसऱ्या 5 माकडांच्या इजा झालेल्या हृदयांत 12 आठवडे टिकल्या. पण फक्त सात संचांवर उभी असलेली लस हजारो रूपं असलेल्या मानवजातीबद्दल किती सांगू शकेल, ही शंका मॉरिशसच्या प्रत्येक निष्कर्षासोबत येते.

या अडचणीला वळसा घालणारी एक वाट ओरेगॉनमध्ये लुई पिकर यांच्या गटाला मिळाली. सायटोमेगालो विषाणूवर बसवलेल्या त्यांच्या लशीने सुमारे निम्म्या ऱ्हीसस माकडांत एसआयव्ही हळूहळू पार निपटून काढला, असं 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. 2016 पर्यंत उलगडलं की इथे टी-पेशी नेहमीच्या ए-बी रूपांवर अवलंबून नव्हत्या. त्या एमएचसी-ई हे याच समूहातलं दुसरं जनुक वापरत होत्या. ई हे सर्व माकडांत, आणि माणसांतही, जवळपास सारखंच असतं. म्हणजे इथे माकडाचा वंश कोणता याने फारसा फरक पडू नये. मग उरलेल्या निम्म्या माकडांना संरक्षण का मिळालं नाही? पुढच्या अभ्यासात दोन्ही गटांतला फरक आयएल-15 या संदेशवाहक प्रथिनाला रक्तपेशींनी दिलेल्या प्रतिसादात दिसला.