पुलाला छप्पर कशाला?

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या कॉर्निश गावाच्या बाजूला गाडी लावली तेव्हा भुरभुर पाऊस सुरू होता. समोर कनेक्टिकट नदी आणि तिच्यावर या काठापासून त्या काठापर्यंत एक लांबच लांब लाकडी घर. दोन्ही अंगांना फळ्यांच्या भिंती, वर उतरतं छप्पर, तोंडाशी काळोखा दरवाजा. बाबा छत्री मिटून आत दोन पावलं गेले, वर बघितलं आणि म्हणाले, "कैच्या बघ. छपराच्या नाहीत या, भिंतीच्या आहेत." कैची म्हणजे तिरकी-उभी लाकडं जोडून केलेला, भार पेलणारा सांगाडा.

बाबा कोकणातले. बॉस्टनला आमच्याकडे आले होते आणि ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही त्यांना छपराचे पूल दाखवायला निघालो होतो. हा त्यातला पहिला, कॉर्निश-विंडसर पूल. १८६६ साली बेला फ्लेचर आणि जेम्स टास्कर यांनी बांधला. लांबी ४४९ फूट, आधार दोन काठ आणि मधला एक खांब, एवढाच. त्याआधी याच जागी तीन पूल होऊन गेले. तोंडावर पाटी आहे: घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. दौडत्या घोड्यांचे हादरे लाकडी सांध्यांना सोसत नाहीत म्हणून. १९४३ पर्यंत इथे टोल होता. आता मोटारी जातात, आणि आपली गाडी आत शिरली की चाकांखालच्या फळ्या धडधड वाजतात, मृदंगासारख्या.

माझ्या लेकीने लगेच विचारलं, "छप्पर कशाला? बर्फ पडू नये म्हणून?" हे पुष्कळांना वाटतं. खरं तर उलट होतं. हिवाळ्यात लोक घसरगाड्या वापरत आणि त्यांना खाली बर्फ लागे. म्हणून माणसं लावून पुलाच्या आत मुद्दाम बर्फ पसरवत. घोड्यांनी पाणी बघून बुजू नये म्हणून भिंती, असंही सांगतात. पण छप्पर प्रवाशांसाठी नव्हतंच. ते लाकडासाठी होतं.

लाकूड कुजतं म्हणजे त्याला बुरशी खाते. बुरशीला हवा हवी, ऊब हवी, आणि सगळ्यात आधी पाणी हवं. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली असेल तर बुरशीचं काही चालत नाही. साधारण ३० टक्क्यांच्या आसपास लाकडाच्या पेशींच्या भिंती तुडुंब भरतात, आणि त्यापुढचं पाणी पेशींच्या पोकळ्यांत मोकळं साठतं. तिथून कुजणं जोर धरतं. एका जातीची बुरशी लाकडातला सेल्युलोज तेवढा खाते आणि मागे तपकिरी सांगाडा ठेवते. अशा लाकडाला आडव्या-उभ्या भेगा पडून त्याच्या चौकोनी वड्या होतात, बोटाने दाबल्या तर भुगा.

यात सांधा हे सर्वांत नाजूक ठिकाण. लाकूड म्हणजे भाताच्या काड्यांची घट्ट बांधलेली पेंढी समजा. अंगावर पडलेलं पाणी ओघळून जातं, पण काड्यांच्या तोंडाशी पडलेलं आत ओढलं जातं. दोन लाकडं जिथे भिडतात तिथे अशी तोंडं असतात, पाणी अडतं, वारा पोचत नाही, ऊन लागत नाही. वरून रंग दिला तरी सांध्याच्या पोटात ब्रश जात नाही. आणि पुलाचा सगळा भार तर सांध्यांतूनच वाहतो. म्हणून पूल बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून गेलेला असतो.

फिलाडेल्फियात शुयल्किल नदीवर १८०५ मध्ये अमेरिकेतला पहिला मोठा छपराचा पूल पुरा झाला. त्याच्या कारागिराचा, टिमथी पामरचा, अंदाज असा होता: उघडा ठेवला तर दहा-बारा वर्षं, झाकला तर तीस-चाळीस. त्याने फार जपून सांगितलं, असं आज म्हणावं लागेल.

बाबा हे ऐकत होते. म्हणाले, "आमच्या वहाळावरचा साकव आठव. पावसाळा गेला की पोफळीचे वासे बदलायचेच. त्याला कोण छप्पर घालणार!" खरंय. साकव दोन माणसं एका सकाळी उभा करतात, तो बदलणंच स्वस्त. पण नदीवर दोनशे फुटांचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधला पट्टा, टाकायचा तर आतलं लाकूड जपावं लागतं. छप्पर झिजलं, गळलं, तर वरच्या फळ्या बदलता येतात. भार वाहणारी कैची बदलणं म्हणजे नवा पूल बांधणं. कोकणात पावसाच्या तोंडावर पडवीला विणलेल्या झावळ्यांची झापं बांधतात तीही भिंतीसाठी. झड भिंतीऐवजी झापांवर बसते.

कैची नीट पाहायची तर कॉर्निशमधल्याच ब्लो-मी-डाऊन नाल्यावरच्या पुलाशी जावं. हाही टास्करचाच, १८७७ चा. रस्ता आडवाटेचा, वर्दळ नाही, त्यामुळे आत निवांत उभं राहता येतं. दोन्ही बाजूंना उभे खांब आणि त्यांच्यामध्ये पुलाच्या मध्याकडे झुकलेल्या तिरक्या तुळया. बाबांनी नातीला समजावलं ते असं: "फळ्यांच्या दाराला मागून तिरपी पट्टी ठोकतात ना? ती काढ, दार लटकतं. चौकट वाकते, त्रिकोण वाकत नाही." वजन जमिनीच्या फळ्यांवर येतं, उभे खांब ते वर टांगून धरतात म्हणजे ताणले जातात. तिरक्या तुळया ते काठाकडे ढकलतात म्हणजे दाबल्या जातात. वरची आडवी तुळई दाबात, खालची ताणात. एवढं कळलं की पुलाची भिंत वाचता येते, आणि लेकीने प्रत्येक लाकडाला हात लावून "दाब, ताण, दाब, ताण" असं म्हणत पूल पार केला.

कॉर्निश-विंडसरची भिंत मात्र वेगळी, जाळीची. इथिएल टाऊन नावाच्या वास्तुविशारदाने १८२० मध्ये जाळीच्या कैचीचं पेटंट घेतलं. तिरक्या फळ्यांवर उलट्या तिरक्या फळ्या, आणि प्रत्येक फुलीत ओकच्या खुंट्या. अवजड तुळया नकोत, गावातल्या गिरणीत कापलेल्या एकसारख्या फळ्या पुरतात. भार शेकडो फुल्यांत वाटला जातो, एखादी फळी गेली तर शेजारच्या सांभाळून घेतात. मला स्वतःला ही रचना या सगळ्यांत सुंदर वाटते. कॉर्निशला फ्लेचर आणि टास्कर यांनी फळ्यांऐवजी जाड तुळयांची जाळी असा सुधारलेला प्रकार वापरलाय.

परतताना व्हरमाँटमधल्या बार्टन्सव्हिलला वळलो. इथला १८७० चा जाळीचा पूल २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाच्या पुरात गेला. लाकूड शाबूत होतं. विल्यम्स नदीने काठाच्या बांधकामाखालची माती खरवडून नेली, टेकण्याची जागाच राहिली नाही आणि आख्खा पूल कलंडून पाण्यात पडला. छप्पर वरून येणारं पाणी अडवतं, खालून येणाऱ्यापुढे त्याचा इलाज नाही. गावाने त्याच जागी पुन्हा जाळीचाच पूल बांधला, थोडा लांब, आणि जानेवारी २०१३ मध्ये तो खुला झाला.

आत नव्या लाकडाचा रंग अजून काळवंडलेला नव्हता. जाळीच्या प्रत्येक फुलीवर खुंट्यांची गोल डोकी, फळीच्या पातळीत बसवलेली. बाबा मात्र पुलाच्या टोकाला वाकून बसले होते, जिथे लाकूड काठाच्या बांधकामावर टेकतं. छपराच्या पुलांमध्ये सर्वांत आधी कुजते ती हीच जागा. वाऱ्याने माती, पाला येऊन अडकतो आणि ओल धरून ठेवतो. म्हणून जुने कारागीर तिथे कैचीखाली एक वेगळं लाकूड घालत, कुजलं की काढून दुसरं सरकवता यावं असं.

तिथे मेपलच्या ओल्या पानांचा मूठभर ढीग साचला होता. बाबांनी छत्रीच्या टोकाने तो उकरला, हाताने सगळा बाहेर काढला आणि दगड कोरडा दिसेपर्यंत पुसत राहिले.