विमान दीड तासाचं, मग गाडी पहाटे साडेचारला कशाला?

पांढरकवड्याहून नागपूर विमानतळाची गाडी बुक करायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. म्हणून एकदाचं लिहूनच काढलं.

नागपूर ते मुंबई सरळ रेषेत ६९० किलोमीटरच्या आसपास. विमानाला दीड ते पावणेदोन तास लागतात. पुणे त्याहून जवळ, दिल्ली लांब. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जाऊन उभं राहीपर्यंतचा असतो. हिवाळ्यात वरचं वारं पश्चिमेकडून जोरात वाहतं, त्यामुळे मुंबईला जाताना थोडा वेळ जास्त लागतो आणि येताना वाचतो. मोबाइलवर पाहून येता ते सगळं बरोबर आहे. फक्त गाडी किती वाजता काढायची, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

घोळ होतो तो इथं. तिकिटावर १०:०० लिहिलेलं असतं आणि लोक ती एसटीची वेळ समजतात. एसटी हात दाखवला की थांबते. विमानाचं सामान घेणारा काउंटर मात्र देशातल्या प्रवासासाठी साधारण एक तास आधीच बंद होतो आणि आत चढायचं गेट पंचवीस मिनिटं आधी. म्हणजे दहाचं विमान तुमच्यासाठी नऊचंच.

नऊच्या आधी रांग, सामान, आधार कार्ड दाखवणं, म्हणून आम्ही आठला पोचवतो. वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी असा दीडशे किलोमीटरचा रस्ता. त्याला तीन तास धरतो. अडीचमध्येही गाडी जाते, आम्हालाही माहीत आहे. पण कापसाच्या हंगामात हिंगणघाटकडे निघालेल्या भरल्या गाड्या, धुकं, टोलनाके आणि तुमचा एक चहा! म्हणजे निघायला पाच झाले, आणि त्याआधीचा अर्धा तास तुमच्या अंगणात जातो.

मागच्या दिवाळीत एका घरी ड्रायव्हर चाळीस मिनिटं उभा होता. आधी ओवाळणं, मग देवाला नारळ, मग आजीला आठवलं की वड्यांचा डबा आतच राहिला. नऊ वाजून पाच मिनिटांनी पोचले. विमान समोर उभं, काउंटर बंद. नवीन तिकिटाचे पैसे आमच्या भाड्याच्या कितीतरी पट गेले, आणि बोल आम्हालाच बसले. तेव्हापासून दारात पंधरा मिनिटांच्या वर थांबलो तर वेटिंगचे पैसे लावतो. कोणाला ते मनाला लागतं, पण त्याच दिवशी दुसरी सवारी आमची वाट पाहत असते राजेहो.

बॅग घरीच तोलून घ्या. बहुतेक तिकिटांवर पंधरा किलोच जातं. तुरीची डाळ आणि ज्वारीचं पीठ यातच ते भरतं. सुकं खोबरं ठेवू नका, तेलकट म्हणून काढायला लावतात. पॉवर बँक हातातल्या पिशवीत.

आमच्याकडून तिकीट काढलं तर नाव आधारशी जुळवून देतो, वेब चेक-इनही करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तिकीट दुसरीकडून काढलं असलं तरी त्याचा फोटो पाठवा, निघायची वेळ आम्ही सांगतो. विमानतळ वर्धा रोडवरच असल्यामुळे शहरात शिरावं लागत नाही. भाड्यात टोल धरलेला आहे. परतीची गाडीही सोबतच सांगितली तर भाडं कमी पडतं. ड्रायव्हरचा नंबर आदल्या दिवशी संध्याकाळी मिळेल, आणि पहाटे तो हॉर्न वाजवणार नाही, फोन करील. फोन उशाशी ठेवा.