मेयोनीज : घरचं, बाटलीतलं आणि नागपुरी तोंडातलं

नागपुरात ‘मेयो’ म्हटलं की निम्म्या शहराच्या डोळ्यांपुढे हॉस्पिटल येतं. 1869 ते 1872 या काळात भारताचे व्हाइसरॉय असलेल्या आणि अंदमानात हत्या झालेल्या लॉर्ड मेयोंचं हे नाव. सरकारी कागदांवर आता इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय असं लिहितात, पण ऑटोवाल्याला ‘मेयो’ एवढंच सांगितलं तरी तो बरोबर गेटसमोर नेऊन सोडतो. अलीकडे याच शहरात दुसरं एक मेयो रुळलं आहे. ते सँडविचमध्ये लावतात, मोमोजसोबत छोट्या वाटीत देतात, फ्रँकीवर पिळतात. धरमपेठेतल्या, सदरमधल्या किंवा सक्करदऱ्यातल्या गाडीवर थोडा वेळ थांबा, एकाच पदार्थाची चार नावं ऐकू येतील : मेयोनीज, मायोनीज, मेयॉनिज आणि नुसतं मेयो. त्यातलं बरोबर कोणतं, यावर घराघरांत वाद होतात. घरी केलेलं खरं की विकतचं, हा वाद त्याच्याच शेजारचा. दोन्ही वाद समजून घ्यायचे तर हा पदार्थ आणि हा शब्द कोणकोणत्या वाटांनी इथवर आला, ते बघायला हवं.

सगळ्यांत प्रसिद्ध कथा 1756 सालची आहे. भूमध्य समुद्रातलं मिनोर्का बेट तेव्हा इंग्रजांकडे होतं. ड्यूक द रिशल्यू यांच्या नेतृत्वाखाली फ्रेंचांनी ते जिंकलं. बेटावरचं मुख्य बंदर माओन. विजयाच्या मेजवानीत सॉससाठी साय मिळाली नाही म्हणून आचाऱ्याने अंडं आणि ऑलिव्ह तेल घोटून काम भागवलं आणि त्या सॉसला बंदराचं नाव दिलं, अशी ती गोष्ट. गोष्ट छान आहे, पण तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. हे नाव फ्रेंच पाककृतींमध्ये छापलेलं दिसू लागतं ते 19व्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे त्या विजयानंतर जवळपास पन्नास वर्षांनी. शिवाय लसूण आणि तेल खलात घोटून केलेला आयोली त्या किनाऱ्यावर आधीपासून होताच. तेल घोटून घट्ट करायची युक्ती त्या भागाला नवी नव्हती.

नावाबद्दल तर फ्रेंचांचंही एकमत नव्हतं. कोणी ते बायोन गावावरून आलं म्हणत, कोणी जुन्या फ्रेंचमधल्या अंड्याच्या बलकाच्या शब्दावरून. मारी-आंत्वान कारेम हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला आचारी. त्याने हा शब्द हाताने मळण्या-घोटण्याच्या क्रियापदाशी जोडला आणि लिहायचाही तसाच, वेगळ्या स्पेलिंगने. जिथे पदार्थ घडला तिथेच शब्दाची तीन रूपं चालत होती, तर आपल्या गाडीवर चार चालतात यात कमीपणा काय?

इंग्रजीत गेल्यावरही ते तसंच राहिलं. इंग्लंडमध्ये शेवटच्या ‘नेझ’वर जोर देऊन म्हणतात. अमेरिकेत काही जण ‘मे-य-नेझ’ असे तीन तुकडे करतात, तर काहींच्या तोंडी दोनच राहतात, ‘मॅ-नेझ’. हार्वर्ड विद्यापीठात भाषातज्ज्ञ बर्ट व्हॉक्स यांनी 2003च्या सुमारास अमेरिकी बोलींची मोठी पाहणी केली. तिच्यात कॅरमेल, सिरप आणि पेकन यांच्यासोबत मेयोनीजचा उच्चारही विचारला होता. उत्तरं प्रदेशाप्रमाणे बदलत गेली. खाण्याचे शब्द कोशात बघून शिकत नाहीत, ताटासमोर बसून शिकतात. म्हणून प्रदेश जीभेवर सर्वांत आधी दिसतो तो त्यांच्यातच.

आता वाटीत काय असतं ते पाहू. मेयोनीज म्हणजे थोड्या पाण्यात सामावलेलं खूप तेल. तेल आणि पाणी एरवी वेगळं होतं. अंड्याच्या बलकात लेसिथिन आणि प्रथिनं असतात, ती तेलाच्या प्रत्येक सूक्ष्म थेंबाभोवती पातळ आवरण धरतात आणि थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. पाणी येतं ते बलकातून आणि निंबाच्या रसातून किंवा व्हिनेगरमधून. मोहरीची पूडही थेंब धरायला मदत करते. तेल जसजसं जास्त जातं तसतशी थेंबांची दाटी वाढते, त्यांना सरकायला जागा उरत नाही, आणि पातळ तेल व पातळ बलक यांचं मिळून चमच्यावर उभं राहील असं घट्ट काहीतरी तयार होतं. पीठ नाही, साय नाही, आच नाही. मला या पदार्थातलं सर्वांत सुंदर हेच वाटतं.

घरी करणाऱ्याला हे डोळ्यांनी दिसतं. एक बलक, चिमूटभर मीठ, पाव चमचा मोहरीपूड, चमचाभर निंबाचा रस. पहिली दोन-तीन मिनिटं तेल अक्षरशः थेंबाथेंबाने घालायचं आणि हात थांबवायचा नाही. आधी मिश्रण पिवळं आणि चकचकीत असतं. मग एका क्षणी त्याचा रंग फिका होतो, भांड्याच्या कडेला फेटणीची रेघ उमटून तशीच राहते आणि आवाजही बदलतो, सळसळ जाऊन जाड थपथप येते. तिथून पुढे तेलाची बारीक धार चालते. घाई केली की ते फाटतं, तेल वर तरंगतं आणि खाली दाणेदार पाणी उरतं. फाटलेलं फेकायचं नाही. दुसऱ्या भांड्यात नवा बलक किंवा चमचाभर पाणी घेऊन त्यात ते फाटलेलं मिश्रण थेंबाथेंबाने घालत फेटलं की पुन्हा जुळून येतं.

बाटलीची गोष्ट न्यूयॉर्कमध्ये सुरू होते. रिचर्ड हेलमन हे जर्मनीहून आलेले गृहस्थ. त्यांनी 1905 मध्ये तिथे दुकान काढलं आणि दुकानातल्या सॅलडमधलं मेयोनीज लोकांना आवडतंय म्हटल्यावर ते वेगळं विकायला घेतलं. 1912-13च्या सुमारास ते काचेच्या बरणीत भरून जाऊ लागलं. जपानमध्ये 1925 साली क्यूपी नावाचं मेयोनीज आलं, त्यात फक्त बलक वापरतात, त्यामुळे चव जास्त गडद. 1933 मध्ये अमेरिकेत मिरॅकल व्हिप हे गोडसर आणि कमी तेलाचं, स्वस्त उत्पादन आलं. तिथल्या कायद्याने मेयोनीज म्हणायला वजनात किमान 65 टक्के वनस्पती तेल आणि अंडं लागतं. त्यात न बसणाऱ्या वस्तू ‘सॅलड ड्रेसिंग’ किंवा अशाच दुसऱ्या नावाने विकाव्या लागतात. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आपल्याकडे ज्याला मेयोनीज म्हणतात त्यातलं बरंचसं त्या व्याख्येत बसणार नाही.

भारतात बाजार उभा राहिला तो अंडं काढून टाकल्यावर. 1996 मध्ये मॅकडोनाल्ड्सने इथे दुकानं उघडली, तेव्हा शाकाहारी गिऱ्हाइकासाठी बिनअंड्याचं मेयोनीज तयार करवून घेतलं. फनफूड्सने बिनअंड्याच्या मेयोनीजचा घरगुती बाजार वाढवला. ती कंपनी 2008 मध्ये जर्मनीच्या डॉ. ओटकरने घेतली आणि 2013 मध्ये फनफूड्सच्या मूळ मालकांच्या घराण्यातून वीबा ही कंपनी निघाली. पुडीवरचा हिरवा ठिपका या सगळ्या धंद्याचा पाया आहे. अंडं नाही म्हटल्यावर तेलाचे थेंब धरून ठेवायला दुसरं कोणीतरी लागतं. पुडी उलटी करून वाचा : रिफाइंड सोयाबीन तेल, पाणी, साखर, मग मॉडिफाइड स्टार्च, झॅन्थन गम, आम्लता-नियंत्रक, परिरक्षक. पाणी आणि साखर यादीत किती वर आहेत ते मुद्दाम बघावं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे ते कळतं. घरच्या वाटीत घट्टपणा येतो तेलाच्या दाटीमुळे, बाटलीत बऱ्याच प्रमाणात स्टार्च आणि गममुळे. म्हणून बाटलीतलं जीभेवर थोडं चिकट आणि गोड लागतं, घरचं तेलकट, आंबट आणि लगेच विरघळणारं. या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि एकीला मोजायला दुसरीचं माप लावू नये असं मला ठामपणे वाटतं. गाडीवरच्या तिखट मोमोजसोबत गोडसर बाटलीच शोभते. उकडलेल्या आलूच्या सॅलडमध्ये मात्र ती चव झाकून टाकते.

आता उच्चाराकडे, आणि इथे नागपूरचा स्वतःचा इतिहास कामाला येतो. नागपूर 1861 पासून मध्य प्रांताची राजधानी होतं, पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची. मग द्विभाषिक मुंबई राज्य आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. जवळजवळ शंभर वर्षं हे शहर हिंदी मुलखासोबत एका कारभारात नांदलं, आणि ते स्वयंपाकघरात उतरलं आहे. मुंबई-पुण्याचा बटाटा पोर्तुगीजांच्या गलबतातून समुद्रमार्गे आला. आमचा आलू हा शब्द हिंदी मुलखातून आला. म्हणून इथे आलूबोंडा, टमाटर, पत्तागोबी, फुलगोबी, निंबू. शेंगदाण्याला फल्ली, आणि तेल फल्लीचं. कोथिंबिरीला सांबार, त्यामुळे सांबारवडी ऐकून पुण्याचा पाहुणा इडलीची वाट बघतो.

शब्दांसोबत ध्वनीही वेगळे. इंग्रजी अमदानीत ग्रिअर्सन यांनी केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड 1905 मध्ये निघाला, त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी यांची स्वतंत्र नोंद आहे. आजही खेड्यात कान दिला की खुणा सापडतात. ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून पोळीची पोयी, केळीची केयी, फळाचं फय. ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून वरन, लोनी, लोनचं. सुरुवातीचा ‘वि’ गळून ‘इ’ उरतो, म्हणून विस्तवाचा इस्तो. हा अशुद्धपणा नव्हे, हे नियम आहेत आणि बोलणारा ते न चुकता पाळतो. शाळेत या उच्चारांसाठी मुलांना हसलं जातं, ते मला आजही सहन होत नाही.

मेयोनीज या शब्दाचं नागपुरात काय झालं तेही अशाच नियमांनी. फ्रेंच-इंग्रजीतला शेवटचा ध्वनी मराठी जीभेला अनोळखी नाही. ‘बाजार’, ‘गाजर’ यांतला दातांजवळचा ‘ज’ त्याच्या अगदी शेजारचा आहे. घरात मराठी बोलणारी वडीलधारी मंडळी मेयोनीज म्हणताना तोच ‘ज’ वापरतात. हिंदीतून शब्द ऐकलेली मुलं ‘जन’मधला ‘ज’ लावतात. तरीही ‘नेझ’चं ‘नीज’ का झालं? माझ्या मते कारण चायनीज. त्याच्या गाड्या आधीपासून चौकाचौकांत होत्या, ‘-नीज’ हा शेवट खाण्याच्या संदर्भात कानावर बसलेला होता, नवा शब्द त्याच साच्यात पडला. मंचुरियनचं मंचुरी झालं, शेझवानचं सेजवान झालं, शवर्माचा शोरमा झाला. ‘भाऊ, मेयोनीज जरा जास्तच टाकजा,’ या वाक्यात मिनोर्काचं बंदर, हिंदीची पुडी आणि वऱ्हाडी ‘-जा’ एका दमात येतात, आणि गाडीवाल्याला ते पहिल्या झटक्यात समजतं. उच्चाराला याहून मोठी परीक्षा मला माहीत नाही.

राहता राहिला आरोग्याचा मुद्दा, आणि तो टाळून चालणार नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतो. केरळने जानेवारी 2023 मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. तेलंगणात हैदराबादच्या मोमोज प्रकरणात विषबाधेने एक बळीही गेला होता. नागपूरचा मे महिना 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उघड्यावर ठेवलेलं अंड्याचं मेयोनीज म्हणजे उघड धोका. बिनअंड्याची बाटली इथे तुलनेने सुरक्षित असते, कारण ती पुरेशी आम्ल असते आणि त्यात परिरक्षकं असतात. पण उघडल्यावर थंड ठेवा असं तिच्यावरही लिहिलेलं असतं, आणि ते उन्हात दिवसभर उभ्या असलेल्या गाडीलाही लागू आहे.

घरी करायचं असेल तर दोन रस्ते आहेत. बलक, निंबाचा रस आणि दोन चमचे पाणी एकत्र करून भांडं उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरायचं, सतत ढवळत 71 अंशांपर्यंत न्यायचं, गार करायचं आणि मग तेल घालायला सुरुवात करायची. साधा थर्मामीटर असला की पुरे. किंवा अंडं सोडून थंडगार दूध घ्यायचं. अर्धी वाटी दुधात एक वाटी तेल ओतून हँड ब्लेंडर तळाशी टेकवून चालवला की दुधातली प्रथिनं तेल धरतात, निंबू पिळल्यावर ते आणखी घट्ट होतं. तेल रिफाइंड फल्लीचं घ्यावं. घाण्यावरचं घेतलं तर दाण्याचा वास बाकी सगळ्यावर चढतो, आणि जवसाचं तर कडवट होतं, ते चटणीलाच बरं. वरून हिरव्या मिरचीचा ठेचा आणि बारीक चिरलेला सांबार घातला की आलूच्या सॅलडला किंवा भाकरीच्या रोलला ते छान जमतं. फ्रिजमध्ये तीन दिवस, त्याहून जास्त नाही. फ्रीझरमध्ये तर अजिबात ठेवू नये, गोठलं की थेंबांभोवतीचं आवरण मोडतं आणि बाहेर काढल्यावर ते फाटतंच.