तक्ता वाचता येतो, तरी नीट दिसत नाही

सुरुवात बहुतेकदा दुखण्याने होते. डोळा इकडेतिकडे फिरवला की खोबणीत आत कुठेतरी कळ येते. नजर अजून शाबूत असते, त्यामुळे ताण पडला असेल, झोप झाली नसेल असं वाटतं. मग एक-दोन दिवसांत त्या डोळ्यासमोर धूसर व्हायला लागतं, आणि तेही नेमकं जिथे रोखून बघावं तिथेच. समोरच्याचे खांदे दिसतात, चेहरा पुसट. रंग उतरतात, त्यातही लाल सगळ्यात आधी. बाटलीचं लाल झाकण हातात धरून आळीपाळीने एकेक डोळा झाकून बघितलं, तर एका डोळ्याला ते लालभडक दिसतं आणि दुसऱ्याला फिकट, विटकं. अंधारात डोळे फिरवताना काहींना क्षणभर प्रकाश चमकल्याचाही भास होतो.

याला ऑप्टिक न्यूरायटिस म्हणतात, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा दाह. साधारण २० ते ४५ या वयात तो जास्त आढळतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये बराच जास्त. बहुतेक वेळा एकाच डोळ्याला होतो. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार असलेल्या दर पाच जणांपैकी साधारण एकाच्या बाबतीत हेच आजाराचं पहिलं लक्षण असतं. पुढेमागे कधीतरी तो निम्म्या रुग्णांना गाठतो.

तपासणीत पहिल्यांदा गोंधळ उडू शकतो. डॉक्टर डोळ्याच्या आत डोकावून बघतात तेव्हा दोनतृतीयांश रुग्णांमध्ये नसेचं टोक अगदी निरोगी दिसतं, कारण दाह डोळ्याच्या मागे, नजरेआड असतो. अशा वेळी खरं काय ते बाहुली सांगते. विजेरीचा झोत चांगल्या डोळ्यावर टाकला की दोन्ही बाहुल्या आकसतात. तोच झोत झटकन दुखऱ्या डोळ्यावर नेला की त्या आकसून राहायच्या सोडून मोठ्या होतात. त्या डोळ्याकडून मेंदूला प्रकाशाचा निरोप कमी पोचतोय, याचा तो उघड पुरावा. विजेरी आणि अर्धा मिनिट एवढंच याला लागतं. इतकी साधी आणि इतकी बोलकी तपासणी वैद्यकात क्वचितच सापडेल.

पण मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार डोळ्यात का उतरावा? कारण डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी ही ऑप्टिक नर्व्ह हातापायांतल्या नसांसारखी नस नाहीच. गर्भात डोळ्याचा पडदा मेंदूतूनच फुटून बाहेर येतो, आणि ही नस मेंदूचाच लांबवलेला भाग असते. लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर, आणि त्यात दहा-बारा लाख तंतू. या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन असतं. ते मेंदूत ज्या प्रकारच्या पेशी तयार करतात, त्याच प्रकारच्या पेशी इथेही तयार करतात. हातापायांतल्या नसांचं मायलिन वेगळ्या पेशींचं असतं. एमएसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती मेंदूकडच्या या मायलिनवर उलटते, आणि ऑप्टिक नर्व्ह त्या माऱ्यात सापडते.

मायलिन अखंड नसतं, त्यात ठरावीक अंतरावर फटी असतात. विद्युत संदेश एका फटीतून पुढच्या फटीकडे उड्या मारत जातो, म्हणून त्याला वेग येतो. मायलिन झडलं की उडी चुकते. काही तंतूंत संदेश वाटेतच विझतो आणि नजर जाते. काही आठवड्यांत दाह ओसरतो, उघड्या पडलेल्या तंतूवर सोडियमच्या नव्या वाहिन्या तयार होतात, थोडं मायलिनही परत चढतं. संदेश पुन्हा पोचायला लागतो, पण उड्या मारत नव्हे, पावलापावलाने. नजर परतते ती अशी, उशिराने पोचणाऱ्या संदेशांच्या आधारावर.

हा उशीर मोजता येतो. रुग्णाला पडद्यावरचे काळेपांढरे चौकोन उलटसुलट होताना दाखवायचे आणि डोक्याच्या मागच्या बाजूला इलेक्ट्रोड लावून मेंदूचा प्रतिसाद टिपायचा. निरोगी डोळ्यात तो साधारण १०० मिलिसेकंदांनी येतो. १९७२ मध्ये लंडनमध्ये हॅलिडे, मॅकडॉनल्ड आणि मुशिन यांनी दाखवून दिलं की ऑप्टिक न्यूरायटिस झालेल्या डोळ्यात तो प्रतिसाद ठळकपणे उशिरा येतो, आणि नजर सुधारल्यानंतरही उशीर बहुतेकदा तसाच राहतो.

काही मिलिसेकंदांनी असा काय फरक पडतो? कार्ल पुल्फ्रिख या जर्मन शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये एक विलक्षण गोष्ट समजावून सांगितली. एका सरळ रेषेत झुलणारा लंबक दोन्ही डोळ्यांनी बघा, पण एका डोळ्यासमोर काळसर काच धरा. लंबक लंबवर्तुळात फिरताना दिसतो, जवळ येतो, लांब जातो. काळसर काचेमुळे त्या डोळ्याचा संदेश किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे मेंदूला एकाच क्षणी लंबकाच्या दोन जागा कळतात, आणि तो त्यांतून खोली बेतून काढतो. स्वतः पुल्फ्रिख एका डोळ्याने आंधळे होते, त्यांना हा परिणाम कधीच बघता आला नाही.

एका बाजूच्या ऑप्टिक न्यूरायटिसमधून उठलेल्या माणसाला अशी काच लागत नाही, त्याच्या नसेतच तो उशीर मुरलेला असतो. समोरून आडव्या जाणाऱ्या गाडीचं अंतर चुकतं. फेकलेला चेंडू हाताला चाटून जातो. गर्दीतून चालताना माणसं अंगावर आल्यासारखी वाटतात. दवाखान्यात बसून नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता वाचताना यातलं काहीही दिसून येत नाही, कारण तक्ता हलत नाही. हे समजलं तर उपायही सोपा निघू शकतो: काहींना चांगल्या डोळ्यासमोर हलकी काळसर काच दिली की दोन्ही डोळे एका तालात येतात.

मला या आजाराबद्दल सर्वांत जास्त जे सांगावंसं वाटतं ते इथेच आहे. तक्ता पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरं दाखवतो, भरपूर उजेडात आणि स्थिर. जगातल्या बहुतेक गोष्टी तशा नसतात. संध्याकाळी करड्या भिंतीला लागून असलेली करडी पायरी, अंधुक प्रकाशातला चेहरा, फिकट शाईतला मजकूर, इथे ही नजर अडखळते. तपासणीत ६/६ येतं, आणि माणूस म्हणतो, ‘दिसतं, पण पहिल्यासारखं नाही.’ तो बरोबर असतो. फिकट राखाडी अक्षरांचे तक्ते मुद्दाम याचसाठी आहेत, त्यांवर हा फरक ताबडतोब उमटतो. ओसीटी नावाच्या तपासणीत दृष्टिपटलातल्या तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. डोळ्याच्या आत या तंतूंवर मायलिन नसतं, त्यामुळे तो थर पातळ झाला तर तंतू स्वतःच गेलेत असा थेट अर्थ निघतो. तक्रार करणाऱ्याला ‘नंबर ठीक आहे’ म्हणून परत पाठवू नये, एवढ्यासाठी तरी ही साधनं वापरायला हवीत.

उष्णतेचंही असंच. गरम पाण्याची अंघोळ, ताप किंवा भराभर जिने चढणं, आणि बऱ्या झालेल्या डोळ्यापुढे पुन्हा धूसर. १८९० मध्ये विल्हेल्म ऊटहॉफ यांनी याची नोंद केली. तापमान जरासं वाढलं की जेमतेम चालणाऱ्या तंतूंतला संदेश बंद पडतो, अंग थंड झालं की परत सुरू होतो. हा नवा झटका नव्हे आणि यामुळे नसेला इजाही होत नाही. पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला हे आधी कोणी सांगितलेलं असेल तर केवढी भीती वाचते!

उपचारांबाबत आजही ज्या अभ्यासाचा आधार घेतात तो अमेरिकेत झाला. १९८८ ते १९९१ या काळात त्यात ४५७ रुग्ण घेतले गेले. शिरेतून दिलेल्या मोठ्या मात्रेच्या मिथाइलप्रेडनिसोलोनने नजर लवकर परतली, मात्र वर्षाअखेरीस कुठलाही उपचार न घेतलेल्यांचीही नजर जवळपास तेवढीच सुधारलेली होती. धक्कादायक निष्कर्ष होता तो नेहमीच्या मात्रेतल्या तोंडी स्टिरॉइडच्या गोळ्यांचा: त्या घेतलेल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून डोळा दुखतो, दिसत नाही म्हणून घरात पडलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करणं हा खरोखर घातक मार्ग आहे.

याच रुग्णांवर पुढे १५ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. निम्म्या लोकांना एमएस झाला. पण पहिल्या एमआरआयमध्ये मेंदूत मायलिन झडल्याचा एकही डाग नव्हता त्यांच्यात हे प्रमाण २५ टक्के होतं, आणि एक किंवा अधिक डाग होते त्यांच्यात ७२ टक्के. म्हणजे डोळा बरा झाला तरी एमआरआय टाळायचा नाही. आज एमएसची गती रोखणारी औषधं आहेत आणि ती लवकर सुरू केली तर जास्त उपयोगी पडतात. डोळ्याचा जुना, आपोआप बरा झालेला त्रास न्यूरोलॉजिस्टला आवर्जून सांगायला हवा, तो १० वर्षांपूर्वीचा असला तरी. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचे नातू ऑगस्टस डेस्टे यांची नजर १८२२ मध्ये अशीच गेली आणि उपचारांशिवाय परत आली. पुढे वर्षानुवर्षं त्यांनी रोजनिशीत पायांतली कमजोरी आणि बधिरपणा नोंदवला. एमएसचा तपशीलवार लिहिलेला हा सर्वांत जुना वृत्तान्त मानतात. आजाराला नाव मिळायला मात्र १८६८ आणि फ्रेंच डॉक्टर शार्को यांची वाट बघावी लागली.

प्रत्येक ऑप्टिक न्यूरायटिस एमएसचा नसतो, आणि हा भेद जीवावरचा ठरू शकतो. दोन्ही डोळे एकदम गेले, नजर जवळजवळ पूर्ण गेली किंवा काही आठवड्यांत सुधारणा दिसली नाही, तर एनएमओ आणि एमओजी या दोन वेगळ्या आजारांचा विचार करावा लागतो. रक्तातल्या अँटिबॉडींवरून ते ओळखता येतात. एनएमओमध्ये उशीर महागात पडतो, आणि एमएसची काही औषधं तर त्यात आजार वाढवतात. पन्नाशीनंतर अचानक, न दुखता गेलेली नजर बहुधा रक्तपुरवठ्याच्या दोषाची असते. क्षयाच्या इथॅम्ब्युटॉल या औषधानेही दोन्ही डोळ्यांची नजर हळूहळू, न दुखता मंदावू शकते.

नस सोडून इतर वाटांनीही एमएस डोळ्यांना गाठतो. मेंदूच्या खोडात डाग पडला तर दोन डोळ्यांची जोडीने हलण्याची सवय मोडते आणि एकाचे दोन दिसतात, किंवा डोळे आपोआप थरथरतात आणि जग हलताना दिसतं.

मॅकडॉनल्ड यांच्या नावाने एमएसच्या निदानाचे निकष २००१ पासून वापरात आहेत. आजाराचे डाग जिथे शोधायचे त्या जागांच्या यादीत ऑप्टिक नर्व्हला मात्र बराच काळ स्थान नव्हतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित निकषांत ती पाचवी जागा म्हणून आली. ज्यांनी या नसेतला उशीर मोजून दाखवला, त्यांच्याच नावाच्या निकषांत.

तोच उशीर आता नव्या औषधांची मोजपट्टी झाला आहे. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी क्लेमास्टिन हे जुनं अ‍ॅलर्जीचं औषध ५० एमएस रुग्णांना देऊन बघितलं. संदेशाचा उशीर सरासरी १.७ मिलिसेकंदांनी घटला. एवढ्याने नजरेत निश्चित म्हणावी अशी सुधारणा दिसली नाही, आणि पुढे एका चाचणीत आजार सतत वाढत जाणाऱ्या काही रुग्णांची अवस्था या औषधावर जास्त वेगाने बिघडल्याने ते थांबवावं लागलं. तेव्हा दुकानातून आणून घेण्याचं हे औषध नव्हे. पण झडलेलं मायलिन वर्षांनंतरही पुन्हा चढवता येतं, याची खूण माणसांत मिळाली ती या डोळ्यामागच्या पाच सेंटिमीटरांत, आणि पुढच्या औषधांचा शोधही तिथेच मोजमाप घेत चालू आहे.